तंत्रज्ञान कंपन्यांच्या यशाचे खरे भांडवल

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत विद्यालयाच्या वाटचालीविषयी लिहिणारे अनेक जाणकार आहेत. म्हणून आम्ही थोडा वेगळा विषय घेत आहोत. अलीकडे पालकसभेत गुणपत्रिकेची चर्चा संपली की हमखास एक प्रश्न येतो : मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटरच्या शिक्षणाला घातले, तर मोठ्या कंपनीत संधी मिळेल काय? प्रश्न रास्त आहे. ज्या घरातील आजोबा मुंबईच्या गिरणीत राबले आणि वडिलांनी शिपायाची किंवा शिक्षकाची नोकरी धरली, त्या घराने नातवंडासाठी पुढची पायरी शोधावी यात गैर काहीच नाही. मात्र या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. या महत्त्वाकांक्षी कंपन्या मुळात मोठ्या कशामुळे होतात? याचे उत्तर चुकले, तर मुलांची तयारीही चुकीच्या दिशेने होते. कंपनीचे यश एका अलौकिक बुद्धीच्या माणसामुळे येते असे मानले, तर आपण मुलांना फक्त पहिला नंबर काढायला शिकवू. ते पैशामुळे येते असे मानले, तर आपल्याकडे पैसा नाही म्हणून हातपाय गाळून बसू. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

लोकप्रिय उत्तर कथेच्या रूपात येते. पुण्यात १९८१ साली सात अभियंत्यांनी इन्फोसिस ही कंपनी स्थापन केली. सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून नारायण मूर्तींना १०,००० रुपये दिले आणि त्या रकमेवर कंपनी उभी राहिली. ही कथा खरी आहे आणि ऐकायला गोडही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एखाद्या कथेत काय सांगितले आहे यापेक्षा काय गाळले आहे याची उत्सुकता अधिक असते. हे सातही जण त्याआधी पाटणी या कंपनीत एकत्र काम करीत होते. म्हणजे परस्परांची पारख आणि परस्परांवरील विश्वास हे भांडवल १०,००० रुपयांच्या आधीच जमा झालेले होते. खुद्द मूर्तींचे उच्च शिक्षण कानपूरच्या आयआयटीत, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत झाले होते. पुढे १९९१ साली केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची यंत्रणा उभी केली आणि परदेशी ग्राहकाशी उपग्रहामार्फत जोडलेले राहण्याची सोय झाली. त्याच सुमारास पुण्यात सरकारच्याच सी-डॅक या संस्थेने परम हा महासंगणक बांधला. ती संस्था १९८८ साली निघाली आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले. पुण्याला आज संगणकाचे शहर म्हणतात, त्याच्या पायात असे कितीतरी सरकारी चिरे आहेत.

तेव्हा पहिली गोष्ट नोंदवून ठेवू. खाजगी यशाखालची जमीन पुष्कळदा सार्वजनिक असते. करदात्यांच्या पैशाने चालणारी विद्यापीठे, प्रयोगशाळा, टपाल-तार, रस्ते आणि वीज यांवाचून कोणताही कल्पक तरुण पहिल्या पायरीपलीकडे गेला नसता. ‘सरकारी मदत फक्त आरक्षणवाल्यांना मिळते’ असे जे बोलले जाते, त्याला हे ऐतिहासिक उत्तर आहे.

पण एवढ्याने आमचा प्रश्न सुटत नाही. जमीन अनेकांना मिळाली, पीक मात्र सर्वांचे सारखे आले नाही. त्याच काळात, त्याच शहरात, त्याच सवलती घेऊन निघालेल्या कितीतरी कंपन्या बंद पडल्या. मग ज्या टिकल्या त्यांच्या आत असे काय होते?

आमच्या मते ते असे होते : हाताला कळलेले ज्ञान मेंदूपर्यंत आणि मेंदूला कळलेले ज्ञान हातापर्यंत विनाअडथळा पोहोचत होते. जो प्रत्यक्ष काम करतो त्याला जे दिसते, ते निर्णय घेणाऱ्याच्या कानी पडत होते आणि तो ते ऐकून घेत होता. वाक्य साधे आहे. आपल्या देशाचा इतिहास पाहिला, तर ते आचरणात आणणे किती अवघड आहे हे ध्यानात येते.

महाराष्ट्रातीलच एक उदाहरण पाहू. क्विक हील ही संगणकातील विषाणू हुडकून काढणारी कंपनी काटकर बंधूंनी पुण्यात उभारली. थोरले कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांचे शिक्षण थांबले आणि ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे छोटे दुरुस्तीचे दुकान टाकले. संगणक आले तसे ते संगणकही दुरुस्त करू लागले. धाकटे संजय काटकर कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या संगणकांपैकी बरेचसे यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, विषाणू शिरल्यामुळे बंद पडतात, हे थोरल्या भावाच्या हाताला कळले. त्यावर उतारा असणारा प्रोग्रॅम कसा लिहावा, हे धाकट्या भावाच्या डोक्याला कळले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांचे पहिले उत्पादन बाजारात आले आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दहावी शिकलेल्या भावाचे म्हणणे पदव्युत्तर भावाने खालच्या पातळीचे मानले असते, किंवा थोरल्याने ‘तुझे पुस्तकी ज्ञान तुझ्यापाशी ठेव’ म्हटले असते, तर एक दुरुस्तीचे दुकान आणि एक नोकरदार एवढेच त्या कथेचे फलित झाले असते. दोघे एका घरातले होते, म्हणून ते एकमेकांचे ऐकत होते. प्रश्न असा आहे की, एका घरातले नसलेले लोक एकमेकांचे केव्हा ऐकतात?

याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना शंभर वर्षे मागे, मागावर नेऊ इच्छितो. त्या काळची महत्त्वाकांक्षी तंत्रज्ञान कंपनी म्हणजे कापडाची गिरणी. मुंबईतील पहिल्या गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली. पुढे या गिरण्यांना मनुष्यबळ पुरविण्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी परळ, लालबाग, डिलाईल रोड ही नावे गावाच्या नावाइतकीच परिचित आहेत. मात्र त्या गिरणीत सर्वांना सर्व खात्यांत प्रवेश नव्हता. विणाई खात्यात मजुरी अधिक होती, पण तेथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण असे की धोट्यातील सूत संपले की नव्या कांडीचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. त्या सुताला, त्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले तर इतर विणकरांना विटाळ होईल, म्हणून तो मागच त्याला बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व कामगारांच्या हक्कांची भाषा बोलणाऱ्या चळवळीला हा प्रश्न आपणहून महत्त्वाचा वाटला नव्हता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता त्याच सुमारास जपानमध्ये काय चालले होते ते पाहू. साकिची टोयोडा नावाच्या एका सुताराच्या मुलाने आयुष्यभर माग सुधारण्याचा ध्यास घेतला होता. १९२४ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात एक धागा जरी तुटला तरी माग आपोआप थांबे. म्हणजे सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने विकत घेतले. पुढे याच घराण्याने मोटारी बनविण्यास सुरुवात केली. ती टोयोटा कंपनी. मागातील तत्त्व तेथे माणसांना लागू झाले. जुळणीच्या ओळीवर उभ्या असलेल्या साध्या कामगाराला दोष दिसला, तर त्याने डोक्यावरची दोरी ओढावी आणि गरज पडल्यास सगळी ओळ थांबवावी. वरिष्ठाला विचारत बसू नये. जगभरचे कारखानदार टोयोटाची यंत्रे पाहायला गेले. खरे शिकण्यासारखे होते ते त्या दोरीत.

एकीकडे माग हाताळणाऱ्या माणसाला काय दिसते याला मान होता. दुसरीकडे त्या माणसाला मागापाशी येऊच द्यायचे नाही, असा नियम होता. एका देशातील मागवाल्यांचे नाव आज जगातील अग्रगण्य मोटार कंपन्यांत आहे. आमच्या परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी आज टोलेजंग इमारती आहेत. गिरण्या बुडण्याची कारणे पुष्कळ आहेत. मालकांनी यंत्रसामग्रीत पैसा घालण्याचे टाळले, जमिनीच्या किमती वाढल्या, १९८२ चा संप झाला. सगळा दोष आम्ही एकट्या जातीवर टाकत नाही. परंतु ज्या उद्योगाने आपल्याच कामगारांपैकी एका मोठ्या वर्गाचे हात आणि डोळे जाणूनबुजून नाकारले, त्याने स्वतःचेच ज्ञान कमी करून घेतले हे निश्चित. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेची आर्थिक चिकित्सा केली, तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले होते. जात नुसती कामे वाटून थांबत नाही. ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून एकावर एक रचते. अशा रचनेत खालच्याला जे कळते ते वर जात नाही आणि वरच्याला जे कळते ते खाली येत नाही.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आपल्या दाराशी असलेले उदाहरण घेऊ. कोकण रेल्वे ही कोणी तंत्रज्ञान कंपनी मानत नाही, पण ती तशी आहे. १९९० साली स्थापन झालेले हे महामंडळ भारतीय रेल्वे आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही चार राज्ये यांच्या भागीदारीतून निघाले. राजापूरचे खासदार प्रा. मधू दंडवते त्या वेळी अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. ई. श्रीधरन भारतीय रेल्वेतून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७६० किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल. हा सर्व मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा त्या वेळी देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे.

हे कसे साधले? श्रीधरन यांच्या कर्तृत्वाला आम्ही मनोभावे वंदन करतो. पण त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग अधिकार खाली सोडण्यात होता. सगळा मार्ग सुमारे शंभर-शंभर किलोमीटरच्या सात विभागांत वाटला गेला आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमून निर्णयाचे अधिकार त्याला दिले गेले. महाडच्या दरडीचा निर्णय महाडात आणि कुडाळच्या मातीचा निर्णय कुडाळात होऊ लागला. ज्यांना सह्याद्रीचा कातळ फोडणे ठाऊक होते, त्यांना मऊ मातीच्या बोगद्यांनी रडविले. गोव्यातील पेडण्याचा बोगदा पुन्हा पुन्हा ढासळला आणि शेवटची जोडणी त्याच्यामुळे लांबली. पुस्तकात नसलेली ती माती अभियंत्यांना शिकविली ती प्रत्यक्ष खोदणाऱ्या मजुरांच्या अनुभवाने. त्या कामात अनेकांनी प्राण गमावले. रत्नागिरी स्थानकाच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ श्रमशक्ती स्मारक उभे आहे. गाडी पकडण्याच्या घाईत आपण त्याच्याजवळून निघून जातो. आपल्या विद्यार्थ्यांची सहल एकदा तेथे न्यावी, असे आम्हांला वाटते.

यशानंतर परीक्षा संपत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड कोसळली आणि गाडी त्यावर आदळून पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा तशीच दुर्घटना घडली. या आघातांनंतर दरडींवर जाळ्या बसविण्याचे, डोंगरकापाचा उतार कमी करण्याचे आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग मर्यादित ठेवण्याचे काम नेटाने झाले. पण आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पावसाळी गस्त. मुसळधार पावसात, मध्यरात्री, खांद्यावर हत्यारे आणि हातात कंदील घेऊन गँगमन रुळांवरून चालत असतात. त्या माणसाला दरड दिसली, रुळाखालची खडी वाहून गेलेली दिसली, तर तो लाल दिवा दाखवून एक्स्प्रेस थांबवू शकतो. गाडीत मंत्री असोत वा महाव्यवस्थापक, त्याच्या लाल दिव्यापुढे गाडी थांबतेच. टोयोटाची दोरी आणि गँगमनचा दिवा एकच. वेतनश्रेणीत तळाशी असलेल्या माणसाचा शब्द सुरक्षिततेच्या बाबतीत सर्वांत वरचा आहे, हे मान्य केल्याशिवाय तो मार्ग एक पावसाळाही चालू शकत नाही.

जेथे हे मान्य केले जात नाही, तेथे काय होते हेही जगाने पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच फुटले आणि सात अंतराळवीर प्राणास मुकले. थंडीत रबराची कडी आखडतात, उड्डाण पुढे ढकला, असे त्या भागाच्या निर्मात्या कंपनीतील अभियंते आदल्या रात्री सांगत होते. व्यवस्थापनाने ते मानले नाही. तेथे ना पैशाची कमतरता होती ना बुद्धीची. अलीकडे गूगल या कंपनीने आपल्या १८० गटांचा अभ्यास केला. सर्वांत हुशार माणसे एकत्र आणली की सर्वोत्तम गट तयार होतो, अशी सर्वांचीच समजूत होती. निष्कर्ष वेगळा निघाला. गटात कोण आहे यापेक्षा गटातील माणसे एकमेकांशी कशी वागतात हे अधिक महत्त्वाचे ठरले, आणि त्यातही सर्वांत महत्त्वाचे हे की शंका विचारताना, चूक दाखविताना कोणाला आपला अपमान होईल अशी धास्ती वाटते की नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळत नाही. उद्धट मालकांच्या, कामगारांना पिळून घेणाऱ्या, स्पर्धकांना चिरडणाऱ्या कंपन्याही श्रीमंत झालेल्या आपण पाहतोच ना? होय, पाहतो. मक्तेदारी, स्वस्त मजुरी, सत्तेशी लागेबांधे या मार्गांनीही पैसा मिळतो. पण नफा वेगळा आणि अवघड गोष्ट तडीस नेणे वेगळे. जे काम आधी कोणी केलेले नाही, ज्यात रोज काहीतरी अनपेक्षित घडते, तेथे हुकूम चालत नाही, कारण हुकूम देणाऱ्यालाच उत्तर माहीत नसते. अशा कामात शेवटी तीच संस्था टिकते, जिच्यात वाईट बातमी वर पोहोचायला वेळ लागत नाही.

आता हा विचार आपल्या घराशी आणून भिडवू. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अग्रस्थानी आहे. म्हणजे गुणांची वाण आपल्याकडे नाही. लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, रत्नागिरीत तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. तरीही आपल्या मुलांना त्या काचेच्या इमारतींच्या दारात अवघडल्यासारखे होते. याचे कारण मुलांच्या बुद्धीत शोधणे हा अन्याय आहे. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठविले गेले. फरक फक्त आडनावांचा होता. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. समुद्र ओलांडला म्हणून ही गोष्ट मागे राहते असेही नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को या कंपनीविरुद्ध एका दलित अभियंत्याला जातीवरून वेगळी वागणूक दिल्याच्या आरोपावरून दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारला. पुढे दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांवरील व्यक्तिगत दावा मागे घेण्यात आला. पण या प्रकरणाने निर्माण झालेली चर्चा थांबली नाही आणि २०२३ साली सिॲटल शहराने जातीभेदाला कायद्याने बंदी घातली.

कंपन्यांच्या धुरीणांना आमचे सांगणे आहे की हा दयेचा विषय नाही. जी कंपनी आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवते, मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ विचारते, ती मागावरून विणकराला हाकलणाऱ्या गिरणीचेच काम करते आहे. ज्या मुलाने लहानपणी दोन मैल पाणी वाहिले, त्याला पाण्याच्या यंत्रणेतला दोष तुमच्या आधी दिसेल. ज्या मुलीने आईबरोबर मासळी बाजारात हिशेब केला, तिला खरा ग्राहक ठाऊक आहे. हे डोळे तुमच्या इमारतीत नसतील तर तोटा तुमचाही आहे. आणि दारातून आत घेऊन बैठकीत गप्प बसवलेत, तरीही तोटा तोच.

आपल्या समाजाला मात्र वेगळे सांगावयाचे आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला एक निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी त्यांनी घेतलेली भूमिका आजही नीट वाचली गेलेली नाही. स्वतः कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे प्रकांड पंडित असूनही, केवळ कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आपल्या मुलांचे भागणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानातील उच्च शिक्षण हवे, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून प्रत्यक्ष काम शिकायला मिळावे, हीही मागणी त्याच निवेदनात होती. विद्यापीठ आणि कारखाना, दोन्ही एकाच वेळी. मेंदू आणि हात यांची फारकत त्यांना मान्य नव्हती.

यातून आपण काय घ्यावे? प्रथम आम्ही शिक्षकांनी. ‘गप्प बस’ हे वाक्य वर्गातून हद्दपार झाले पाहिजे. फळ्यावरचे गणित चुकले हे ज्या विद्यार्थ्याने दाखविले, त्याचे आभार वर्गासमोर मानले गेले पाहिजेत. ज्या मुलाने दहा वर्षे शिक्षकासमोर तोंड उघडले नाही, तो उद्या साहेबासमोर दोरी ओढणार नाही. निवासी शाळेला तर मोठीच संधी आहे. वसतिगृहात पंप आहे, वायरिंग आहे, स्वयंपाकघर आहे, जमाखर्च आहे. यांतील प्रत्येक गोष्ट मुलांच्या हाती अभ्यासासाठी द्यावी. बंद पडलेला पंखा भंगारात जाण्याआधी विद्यार्थ्यांच्या टेबलावर उघडला जावा. झाडणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे सर्वांनी आळीपाळीने करावीत आणि त्यांना शिक्षा म्हणून कधीही वापरू नये. हाताचे काम ही शिक्षा आहे, असे ज्या दिवशी मुलाच्या मनावर ठसते, त्या दिवशी गिरणीतला तो जुना नियम आपणच शाळेत आणलेला असतो.

पालकांनी हे ध्यानात घ्यावे की महागडा क्लास हा एकमेव मार्ग नाही. आयटीआयला गेलेले मूल ‘मागे राहिले’ असे मानू नये. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या हातांनी काय घडविले ते आपण पाहिले. मुलगी घरातला मिक्सर उघडून बसली तर तिला दटावू नये. आणि मुलाने एका परीक्षेत मार खाल्ला, तर तो लपविण्यासारखा कलंक मानू नये. अपयश उघडपणे बोलता येते तेथेच ते दुरुस्त होते. हे कंपनीला जितके लागू आहे तितकेच घरालाही लागू आहे.

आमचे सर्वांत मोठे मागणे माजी विद्यार्थ्यांकडे आहे. आपल्यापैकी अनेक जण आज पुणे, मुंबई, बंगळूर आणि परदेशातही चांगल्या पदांवर आहेत. विद्यालयाला आपण देणग्या देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु ज्या मुलाच्या घरात कोणी ऑफिस पाहिलेले नाही, त्याला पैशाहून अधिक गरज ओळखीची असते. इतरांना ती जन्मतः मिळते. काकाचा मित्र, आत्याचे यजमान, शेजारचे साहेब अशा रूपांत ती त्यांच्याभोवती असते. इन्फोसिसच्या सात जणांची आधीपासून असलेली ओळख हेच त्यांचे पहिले भांडवल होते, हे आपण वर पाहिलेच. आपल्या मुलांसाठी ते भांडवल तुम्हीच आहात. वर्षातून एक आठवडा दोन मुलांना आपल्या कामाच्या ठिकाणी न्या. मुलाखतीत काय विचारतात, बैठकीत कसे बोलतात, न समजलेले कसे विचारतात हे त्यांना दाखवा. आणि आपण कोठे अडखळलो, कोठे अपमान गिळला, कोठे उलटून उत्तर दिले, हेही सांगा. सत्कारसमारंभात यशाच्या कथा पुष्कळ होतात. मुलांना त्या मधल्या दिवसांची माहिती हवी असते.

शेवटी एक कटू गोष्ट. आपल्यापैकी काही जण आता स्वतः अधिकारपदावर आहेत, काहींनी स्वतःचे उद्योग काढले आहेत. ज्या खुर्चीने आपल्या वडिलांचे ऐकले नाही, त्याच खुर्चीत बसल्यावर आपण आपल्या शिपायाचे, चालकाचे, नव्याने लागलेल्या मुलीचे ऐकतो काय? संस्थांच्या सभांत नवख्या कार्यकर्त्याने हिशेबाविषयी प्रश्न विचारला, तर आपण त्याला उत्तर देतो की त्याची निष्ठा तपासतो? या प्रश्नांचे उत्तर प्रत्येकाने आपल्यापाशी द्यावे. कंपनी असो, शाळा असो वा संघटना, तिचे आयुष्य यावरच ठरते. पावसात कंदील घेऊन चालणाऱ्या त्या गँगमनला लाल दिवा दाखविण्याची मुभा आहे, म्हणून आपण रात्रीच्या गाडीत निर्धास्त झोपतो. आपल्या प्रत्येक संस्थेत तसा एक दिवा सर्वांत धाकट्या माणसाच्या हाती असावा, आणि तो दिसला की वरच्यांनी थांबावे.